फवारणीच्या टाकीत बोअरचा पाईप बुडवू नका

द्राक्षाची छाटणी उरकली, परतीचा पाऊस अजून रेंगाळतोय आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धाकानं एक दिवसाआड फवारणीचा ब्लोअर फिरतोय. पिण्याच्या पाण्यात औषध जाण्याचे हेच दिवस. बागेतून झिरपतं ते वेगळंच, जास्त धोका बोअरच्या तोंडाशी.

औषध आधीच टाकीत ओतलेलं, पाईप तळाशी सोडलेला, मोटार चालू आणि माणूस चहाला. तेवढ्यात लाईट जाते. चेक व्हॉल्व्ह (पाणी माघारी जाऊ न देणारी झडप) झिजलेला असला की पाईपातलं पाणी माघारी बोअरमध्ये उतरतं आणि टाकीतलं कालवलेलं औषधही त्यामागं ओढलं जातं. पाईपचं तोंड टाकीच्या काठाच्या वीतभर वर सुतळीनं बांधा. टाकी बोअरवर नुसत्या पाण्यानं भरा, औषध बागेत नेऊन कालवा. खर्च सुतळीचा.

थोड्यानं काय होतंय, असं म्हणू नका. उसातलं तणनाशक ॲट्राझीन घ्या. पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस 10500) त्याची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम. 50 टक्क्यांची 2 ग्रॅम पावडर 5 लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून किंवा उकळून ते निघत नाही.

बाकीची कामं:
- रिकाम्या डब्यात पाव डबा पाणी, अर्धा मिनिट हलवून टाकीतच ओता. तीनदा. मग डबा फोडा.
- टाकीचं धुणं बागेतच फवारा, ओढ्यात नको.
- केसिंगभोवती (बोअरच्या तोंडाच्या पाईपाभोवती) सिमेंटचा ओटा. भेगाळलेल्या काळ्या रानात औषध तिथूनच उतरत असावं, असा आमचा अंदाज.


दुकानदार एका टाकीला चार-पाच डबे काढून देतो, त्यात टॉनिक हमखास. लेबलवर आपल्या पिकाचं आणि रोगाचं नाव नसेल तर डबा परत करा. पक्कं बिल घ्या, उद्या जाब विचारायला तेच लागतं.

जबाबदार कोण? कीटकनाशक नियम 1971 मधला नियम 44 डबे आणि धुण्याच्या पाण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतो, तशीच फवारणाऱ्यावरही. कंपन्या डबे परत नेताना क्वचितच दिसतात, तो जाब ग्रामसभेनं विचारावा. पण रोजावरच्या गड्याला पाईप कुठं बांधायचा हे मालकानंच सांगायचं असतं, त्याच्यावर ढकलू नका.

ग्रामपंचायतीच्या पाणी तपासायच्या किटमध्ये कीटकनाशक दिसत नाही. प्रयोगशाळेत 'कीटकनाशक अवशेष' असं लिहून मागा. नमुना गडद काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी पोचवा.