परदेशी कंपनीचा ‘ड्राफ्ट’ आला? आधी तारीख लिहा

वणी-हिंगणघाटकडे घरी बसून मोठ्या शहरातल्या सीएंचं काम पाहणारी बरीच पोरं आहेत. एखाद्या परदेशी कंपनीची फाइल हाती असेल तर एवढं करा.

परदेशी कंपनीचं उत्पन्न किंवा तोटा तिच्या विरोधात बदलायचा असेल, तर कर ठरवणाऱ्या आयकर अधिकाऱ्याला (कर निर्धारण अधिकारी) थेट अंतिम आदेश काढता येत नाही. आयकर कायदा १९६१, कलम १४४सी प्रमाणे आधी त्या आदेशाचा मसुदा, म्हणजे ‘ड्राफ्ट’, कंपनीला पाठवावा लागतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत एकतर मान्य करायचा, नाहीतर हरकती घालायच्या. १० ऑक्टोबरला मिळाला तर ९ नोव्हेंबर शेवटचा दिवस. मसुद्यावरची नव्हे, मिळाल्याची तारीख धरा. ईमेलचा स्क्रीनशॉट तेव्हाच ठेवा.

गफलत इथंच होते: फॉर्म ३५ए मधल्या हरकती विवाद निवारण पॅनेलकडे (अशा हरकती ऐकणारं आयकर खात्याचं मंडळ) जातात आणि माणूस निश्चिंत होतो. पण त्याच मुदतीत त्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडेही द्याव्या लागतात. त्याला पत्ताच नसेल, तर तो मसुद्याप्रमाणे आदेश काढून मोकळा. दोन्ही पोचपावत्या एकाच फोल्डरात ठेवा. आणि शेवटच्या रात्रीवर काही टाकू नका. आपल्याकडे लाइन कधी जाईल, नेम नाही.

मसुदा न देताच अंतिम आदेश आला तर घाबरून पैसे भरू नका, सीएंना लगेच कळवा. झुआरी सिमेंट प्रकरणात २०१३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं असा आदेश रद्द केला होता.