प्रथिनांचे विद्युत मापन: या चुका टाळा

विद्युत संवेदकावर दिसणारा प्रत्येक बदल प्रथिनामुळेच झाला, असे गृहीत धरणे ही या तंत्रातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. संवेदकाला केवळ प्रभार आणि प्रवाह कळतो. तो प्रथिनाचा, क्षारांचा की बदललेल्या पीएचचा, हे ठरवणे आपले काम असते.

क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरवर (पृष्ठभागावरील प्रभारानुसार ज्यातील प्रवाह बदलतो असा संवेदक) प्रतिपिंडे बसवूनही संकेत मिळत नसेल, तर आधी बफर, म्हणजे पीएच स्थिर राखणारे द्रावण, तपासावे. सुमारे १५० मिलिमोलर क्षार असलेल्या द्रावणात आयन प्रथिनाचा प्रभार झाकून टाकतात आणि पृष्ठभागापासून ०.८ नॅनोमीटरच्या पलीकडे त्याचा प्रभाव वेगाने ओसरतो. अखंड प्रतिपिंड मात्र १० नॅनोमीटरच्या आसपास असते. बफर शंभरपट पातळ केल्यास हे अंतर, म्हणजेच प्रभाराचा प्रभाव जिथवर पोहोचतो ते डिबाय अंतर, दहापट वाढते, म्हणून बहुतेक जण तोच मार्ग धरतात. मात्र पातळ बफर पीएच स्थिर राखू शकत नाही, आणि ट्रान्झिस्टरचा ऑक्साइडचा पृष्ठभाग २५ अंश सेल्सियसला पीएचच्या एका एककामागे कमाल ५९ मिलिव्होल्टपर्यंत प्रतिसाद देतो. नमुना टाकताच पीएच ०.१ ने बदलला, तरी सुमारे ६ मिलिव्होल्टचा फसवा संकेत मिळू शकतो. त्यामुळे प्रथिनाचे प्रतिपिंडाशी बंधन नेहमीच्या बफरमध्ये घडवावे, पृष्ठभाग धुवावा आणि आधीचे व नंतरचे, दोन्ही मापन एकाच पातळ बफरमध्ये घ्यावे. लहान प्रतिपिंड-खंड किंवा ॲप्टामर (विशिष्ट प्रथिनाला चिकटणारा डीएनए वा आरएनएचा छोटा तुकडा) वापरल्यास प्रथिन पृष्ठभागाच्या अधिक जवळ येते.

संकेताची दिशा तपासण्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट आहे. पीएच ७.४ ला अल्ब्युमिनवर निव्वळ ऋण, तर लायसोझाइमवर निव्वळ धन प्रभार असतो. दोघांचा संकेत एकाच दिशेने सरकला, तर कारण प्रभाराबाहेर शोधावे.

इंपिडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध) मापनात ५ ते १० मिलिव्होल्टचे प्रत्यावर्ती व्होल्टेज पुरेसे असते; ते वाढवल्यास प्रतिसाद रेषीय राहत नाही. या मापनात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करणारे फेरी-फेरोसायनाइडचे द्रावण सोन्याच्या इलेक्ट्रोडवर फार वेळ राहिल्यास पृष्ठभागच बदलतो, म्हणून आधाररेषा स्थिर झाल्याशिवाय नमुना टाकू नये. संदर्भ इलेक्ट्रोडच्या (ज्याचे विभव स्थिर राहते अशा इलेक्ट्रोडच्या) जागी नुसती धातूची तार वापरू नये.

पृष्ठभागावर प्रथिने कशीही चिकटतात. मोकळ्या जागा अल्ब्युमिनने झाकल्या, तरी शेजारी असंबंधित प्रतिपिंड बसवलेला दुसरा इलेक्ट्रोड ठेवावा आणि तोच नमुना दोन्हींवर एकाच वेळी सोडावा. दोन्ही संकेतांतील फरकच विशिष्ट बंधनाचा मानावा.