बिअरच्या टोप्या जमवायच्या आहेत?
बिअर मी फारशी पीत नाही, पण बिअरच्या ब्रँडचं नाव असलेल्या, डोक्यावर घालायच्या टोप्या माझ्या कपाटात मावत नाहीत. नव्याने सुरू करताय तर आधी एकच धागा धरा: एखादा ब्रँड किंवा एखादा प्रकार. दिसेल ते उचलत गेलात की घराचा भंगारखाना होतो.

जुनी टोपी हातात आली की ती उलटी करा. आतली घामाची पट्टी, शिवलेलं लेबल, मागचा पट्टा नीट बघा. पुढचा भाग फोमचा असेल तर बोटाने हलकेच दाबा. भुकटी सुटली तर टोपी संपली समजा. आणि वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका हो! बऱ्याच जुन्या टोप्यांच्या पुढच्या चोचीत पुठ्ठा असतो. माझी एक लाडकी टोपी भिजून भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली. ओलसर फडक्याने पुसायची, आत आम्लविरहित कागद भरायचा, उन्हापासून लांब ठेवायची.

जागा नसेल तर बुचं जमवा. विल्यम पेंटरने १८९२ मध्ये पेटंट घेतलेल्या पत्र्याच्या बुचाला सुरुवातीला २४ दाते असत, आता २१ असतात. म्हणून जुनं बूच मिळालं की मी आधी दाते मोजतो. बाटली उघडताना ओपनर आणि बुचाच्या मध्ये नाणं धरा, बूच कमी दुमडतं.