६ मिमी आणि पाव इंची बोल्टची सरमिसळ कशी सोडवली

स्क्रू-बोल्ट नुसते लांबीनुसार लावले की कप्पे छान दिसतात, पण काम अडतं ते आट्यांवर. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ६ मिमीच्या बोल्टशेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. आटे मात्र वेगळे: नेहमीच्या ६ मिमीत दोन आट्यांमध्ये १ मिमी अंतर, पाव इंचीत बहुधा इंचाला २० आटे. जबरदस्तीने पिळलं की आटे गेलेच!

म्हणून एका फळीला आरपार भोकं पाडून प्रत्येक मापाचा नट त्यावर इपॉक्सीने चिकटवला, खाली माप लिहिलं. (आट्यांत इपॉक्सी जाऊ देऊ नका.) सुटा बोल्ट आधी तिथे बोटांनी फिरवायचा. न अडकता, न डुगडुगता गेला तरच त्या कप्प्यात. वॉशर मात्र तारेत ओवलेलेच बरे.