बोर्डो मिश्रण पंपापुरतं करताना

पावसाची झड लागण्याआधी, नाहीतर मधल्या उघडिपीत बोर्डोची फवारणी उरकून घ्यावी. हे मिश्रण रोग येण्याआधी पानावर थर धरतं. बुरशी आत शिरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. शिफारस मात्र शंभर लिटरची लिहिलेली असते: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचं मिश्रण. आपल्या पाठीवर पंप पंधरा लिटरचा, आणि मग सुरू होतो मूठ-दोन मुठींचा अंदाज.

शंभरावरून थेट पंधरावर येऊ नका, आधी दहावर या. दहा लिटरला मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम. पंधरा लिटर म्हणजे त्याची दीडपट, १५०-१५० ग्रॅम. पूर्वी निमकी, दिडकी पाठ असायची, तीच इथे कामाला येते: पाच लिटरला निम्मं, वीसला दुप्पट, दोनशेच्या टाकीला वीसपट म्हणजे २-२ किलो. कोवळ्या पालवीसाठी अर्धा टक्का करायचं असेल तर मोरचूद आणि चुना निम्मे घ्या, पाणी तेवढंच ठेवा. पाणीही निम्मं केलंत तर ताकद होती तीच राहते, फक्त मिश्रण कमी होतं. ही चूक नेहमी होते.

मोरचूद ७०० ग्रॅमच उरला असेल तर हिशेब त्याच्यावरून धरायचा. तो किलोच्या सात दशांश आहे, म्हणून चुनाही ७०० ग्रॅम आणि पाणी ७० लिटर. टाकी भरायची म्हणून पाणी शंभरवर नेलं की मिश्रण ०.७ टक्क्याचं झालंच.

रोज थोडी थोडी फवारणी असेल तर दोन साठे वेगवेगळे करून ठेवा: दहा लिटर द्रावणात १ किलो मोरचूद, आणि दुसऱ्या भांड्यात दहा लिटर निवळीत (चुना कालवलेल्या पाण्यात) १ किलो चुना. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात लोंबकळत ठेवला की सकाळी विरघळलेला असतो. आता प्रत्येक साठ्याच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम आहे, म्हणजे पंपाला दीड-दीड लिटर लागेल. चुन्याचा साठा काढण्याआधी ढवळा, तो तळाला बसतो.

इथे मी स्वतः फसलो आहे. दोन्ही साठे मिळून तीन लिटर ओतले आणि वर पंधरा लिटर पाणी घातलं. झालं अठरा लिटर. ताकदीचा सहावा हिस्सा गेला, लिटरला दहा ग्रॅम मोरचूद असायचा तो साधारण सव्वाआठ ग्रॅमवर आला. पंधरा हा आकडा सगळं मिळून आहे, त्यामुळे पाणी बाराच लिटर घालायचं. तेही दोन्हीकडे सहा-सहा लिटर वाटून, आणि मगच दोन्ही पातळ द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळायची. घट्ट साठे थेट एकत्र केले तर कण जाड होतात, तळाला बसतात आणि नोझल तुंबतं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी नकोत.

कळीचा चुना मिळाला नाही आणि विझवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी वापरायची असेल, तर प्रमाण बदलतं. विझताना चुना पाणी धरतो, म्हणून कळीच्या तीन भागांऐवजी भुकटीचे चार भाग: पंपाला १५० नव्हे, २०० ग्रॅम. आणि हे सगळं वजन काट्यावर करा. मोरचुदाचे खडे आणि चुन्याची भुकटी एकाच डब्याने मोजली तर वजन सारखं येत नाही.

खोडाला लावायच्या पेस्टमध्ये एक-एक किलोला पाणी फक्त दहा लिटर असतं, म्हणजे ताकद दहापट. चार झाडांपुरती करायची तर १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि एक लिटर पाणी. हे पंपात चुकूनही भरू नका.

फवारणीआधी स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर मिश्रणात बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा तपासा, खिळा स्वच्छ निघेपर्यंत. हातमोजे, मास्क घाला, दुसरं औषध यात मिसळू नका, आणि मिश्रण त्याच दिवशी संपेल एवढंच करा.