'आईला सांगू नका, डॉक्टर' : या प्रसंगाचा सराव कसा घ्यावा

कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात पसरलेल्या कॅन्सरचा पेशंट एकटा क्वचितच येतो. गडहिंग्लजहून, शाहूवाडीहून मुलगा, भाऊ, गावातलं कुणी जाणतं माणूस सोबत असतं. आई बाहेर बाकावर आणि रिपोर्टची चर्चा आत, हे नेहमीचं. म्हणून वाईट बातमी कशी सांगावी हे इंटर्न डॉक्टरांना शिकवताना, हा प्रसंग नाटकासारखा उभा करून सराव इथूनच सुरू करावा.

एका गटात सहा ते आठ इंटर्न, वेळ दोन तास. सारख्या उंचीच्या तीन खुर्च्या, मध्ये टेबल नको. आईचं काम विद्यार्थ्याला देऊ नका, तो मित्राला सांभाळून घेतो. हौशी नाटकातली कलाकार बोलवा. संवाद लिहून न देता पाच ओळींचं टिपण द्या: तिला काय ठाऊक आहे, काय लपवते, कशाने चिडते. बोली तिची तिलाच ठरवू द्या.

मुलगा म्हणतो, "आईला सांगू नका." इथे विद्यार्थी एकतर पेशंटच्या हक्कांवर व्याख्यान देतो किंवा मुकाट मान डोलावतो. दोन्हींत मुलाची भीती तशीच राहते. आधी विचारायला शिकवा: "सांगितलं तर काय होईल असं वाटतं? घरी त्यांनी काही विचारलंय का?" मग स्पष्ट सांगावं, "मी आपणहून लादणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." त्यानंतर आईला आत घेऊन, "तुम्हाला काय झालंय असं वाटतंय? सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?" ती "मलाच सांगा" म्हणाली, तर "रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही" एवढंच बोलून थांबावं. हे थांबणं सर्वांत अवघड. पाच सेकंदही न जाता तोंडातून केमोची माहिती सुरू होते, आणि ती आईच्या कानात शिरत नाही. एका निरीक्षकाच्या हातात घड्याळ द्याच.

शब्दही तपासा. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगला रिपोर्ट, असं घरचे समजतात. रेडिएशनला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणत असतील तर तेच वापरा. 'आता करण्यासारखं काही नाही' हे वाक्य वर्ज्य. आजार पूर्ण बरा होणार नाही, पण दुखणं, दम, झोप यांवर उपचार चालूच राहतील, असं सांगावं.

प्रसंग आठ मिनिटांचा. नंतर आधी विद्यार्थी बोलेल, मग कलाकार, मग गट, शेवटी शिक्षक. आणि अडलेली दोन मिनिटं लगेच पुन्हा करून घ्यावीत. शिक्षकानेच अर्धा तास घेतला तर हा पुन्हा सराव राहून जातो, आणि शिकणं तर त्यातच असतं.

यावर संशोधन करायचं तर पहिल्या रेकॉर्डिंगआधी एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि मराठीत संमतीपत्र हवं. अंगठा असेल तिथे त्रयस्थ साक्षीदार. 'आत्मविश्वास वाढला का?' एवढीच प्रश्नावली पुरत नाही, कारण आत्मविश्वास वाढूनही वागणं तेच राहू शकतं. सरावाआधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग दोन परीक्षकांना द्या. कुठलं आधीचं हे त्यांना कळता कामा नये. पेशंटचं बोलणं पहिल्यांदा कितव्या सेकंदाला तोडलं, तिने किती प्रश्न विचारले, हे मोजा. दहा मिनिटांचं बोलणं हाताने उतरवायला तासभरही लागू शकतो, तेव्हा रेकॉर्डिंगची संख्या त्या हिशेबानेच ठरवा.