जॉनी रामोनचा आवाज: पेडल काढा, मनगट हलवा

रामोन्स या पंक रॉक बँडच्या जॉनी रामोनसारखी गिटार वाजावी असं वाटत असेल, तर आधी डिस्टॉर्शन पेडल (आवाज फाडणारं, पायाने दाबायचं यंत्र) काढून बाजूला ठेवा. न्यूयॉर्कच्या या पठ्ठ्याने 1974 मध्ये साधारण 50 डॉलरला मोझराइट गिटार घेतली आणि पुढे ती मार्शल अँपला (अँप्लिफायरला) जोडून जोरात वाजवली. बस्स.

पिकअपचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाचा) स्विच ब्रिजवर, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाजवळच्या पिकअपवर, गिटारचे व्हॉल्यूम-टोन पूर्ण उघडे. अँपचा गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण) अर्ध्याच्या जरासा पुढे. मग सहा तारांची बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेली कॉर्ड) वाजवून तशीच धरा. तारा वेगवेगळ्या कानावर आल्या तर ठीक. नुसती घरघर आली तर गेन खाली आणा. अँपवर बास (खालचे सूर) कमी, मिड (मधले सूर) भरपूर. घरी एकट्याने वाजवताना मिड टोचतो म्हणून आपण तो उतरवतो (मीही वर्षभर हेच केलं) आणि ड्रम सुरू झाले की गिटार गायब!

स्ट्रोक मात्र सगळे वरून खाली. वर-खाली वाजवणं सोपं जातं, पण तो करवतीसारखा सलग रेटा येत नाही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 120 ठोक्यांवर लावा, ठोक्याला दोन स्ट्रोक. जमलं की पाच-पाचने वाढवत 170-180 पर्यंत जा. कोपर ताठ होऊ देऊ नका. हात भरून आला की थांबा.

त्यांचा 1976 चा पहिला अल्बम हेडफोनवर ऐका. गिटार उजव्या कानात आहे, बास गिटार डाव्या. डावा काढून ठेवा, म्हणजे गिटारचा आवाज आपल्या समजुतीपेक्षा किती कमी फाटलेला आहे ते कळेल.